एका यार्डाची शिक्षा

६ सप्टेंबर २००८ रोजी सिॲटलच्या हस्की स्टेडियमवर वॉशिंग्टन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध २८-२१ असा पिछाडीवर होता. सामना संपायला दोन सेकंद उरले असताना वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जेक लॉकर चेंडू घेऊन गोलरेषेच्या पार गेला. सहा गुण मिळाले, फलक २८-२७ झाला. बरोबरीसाठी आता टचडाउननंतरची जादा गुणाची किक तेवढी उरली होती. ती जेमतेम २० यार्डांची, एरवी कोणी श्वास रोखून पाहत नाही अशी. पण गोलरेषा ओलांडल्यावर लॉकरने आनंदाच्या भरात हातातला चेंडू उंच भिरकावला होता. पंचाचा पिवळा रुमाल पडला. गैरवर्तनाबद्दल १५ यार्डांचा दंड झाला आणि तो त्या किकमधून वसूल करण्यात आला. २० यार्डांची किक ३५ यार्डांची झाली, प्रतिस्पर्ध्यांनी ती अडवली आणि वॉशिंग्टन एका गुणाने हरले.

त्यानंतर गदारोळ झाला तो पंचाच्या नावाने. पोरगं आनंदाने चेंडू उडवतं, त्यात कसला गुन्हा, असा एकूण सूर होता. पंचाचे उत्तर सरळ होते: नियम असा आहे, त्यात माझ्या मर्जीला जागा नाही. हा वाद मला दुय्यम वाटतो. लॉकरची चूक मोठी की छोटी, हे ठरवण्याआधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळाच आहे. मैदानाच्या मध्यावर १५ यार्ड गेले तर संघाची गैरसोय होते, पण पुढच्या दोन-तीन चालींत ती भरून काढता येते. तेच १५ यार्ड एका किकवर लादले की सामना जातो. मग या दोन्ही शिक्षांना आपण एकच नाव आणि एकच माप कसे देतो?

दंडाचे खरे वजन यार्डांत नसते. तो कोणत्या जागी वसूल होतो आणि कोणाच्या निवडीने वसूल होतो, यावर ते ठरते. जादा गुणाच्या किकवर हे जितके स्पष्ट दिसते तितके या खेळात इतरत्र क्वचितच दिसते. या एका छोट्या चालीच्या नियमांत अमेरिकन फुटबॉलने शिक्षेविषयीची एक फार शहाणी कल्पना राबवली आहे, आणि ती कल्पना जिथे लागू होत नाही तिथेही ओढून नेण्याची चूकही केली आहे.

या खेळाचा परिचय नसलेल्यांसाठी आधी थोडी मांडणी. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यानंतर त्याच संघाला एक जादा प्रयत्न मिळतो. या प्रयत्नात घड्याळ चालत नाही. दोन खांबांमधून किक मारली तर एक गुण, किंवा किक न मारता चेंडू पुन्हा गोलरेषेपार नेला तर दोन गुण. ही प्रथा या खेळाला रग्बीकडून मिळाली. १८८३ सालच्या गुणपद्धतीत टचडाउनला अवघे दोन गुण होते आणि त्यानंतरच्या किकला चार. टचडाउन म्हणजे किक मारण्याचा परवाना, खरी कमाई किकची, असा तो हिशेब होता. पुढे पारडे उलटत गेले. १९१२ साली टचडाउनचे सहा गुण झाले, तेव्हा किक एका गुणावर आलेली होती. महाविद्यालयीन खेळात दोन गुणांचा पर्याय १९५८ साली आला, व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, १९९४ साली.

एनएफएलमधली किक पुढे इतकी सोपी झाली की तिच्यात खेळ उरला नाही. २०१४ च्या मोसमात ९९ टक्क्यांहून अधिक किक यशस्वी झाल्या. म्हणून २०१५ साली लीगने किकसाठी चेंडू २ यार्डांच्या रेषेवरून उचलून १५ यार्डांच्या रेषेवर नेला. गोलरेषेमागचा पट्टा, म्हणजे एन्ड झोन, दहा यार्डांचा आणि चेंडू टेकवून धरणारा खेळाडू आणखी सात-आठ यार्ड मागे बसतो, म्हणून प्रत्यक्ष किक झाली ३३ यार्डांची. यशाचे प्रमाण पहिल्याच मोसमात ९४ टक्क्यांच्या आसपास उतरले. दोन गुणांचा प्रयत्न मात्र २ यार्डांवरच राहिला. शिवाय बचाव करणाऱ्या संघाने किक अडवून चेंडू दुसऱ्या टोकापर्यंत पळवला तर त्याला दोन गुण, अशीही तरतूद झाली.

हा बदल केला तेव्हा सगळ्यांचे लक्ष किकरकडे होते. पण त्यामुळे दंडाच्या गणितातही एक मोठी उलथापालथ झाली. पूर्वी जादा प्रयत्नाची एकच जागा होती, आता दोन झाल्या. किकसाठी १५ यार्ड, दोन गुणांसाठी २ यार्ड. म्हणजे एकाच चुकीचे माप आता दोन निरनिराळ्या पट्ट्यांनी घेता येऊ लागले.

आधी आक्रमक संघाच्या चुका पाहू. किकच्या वेळी कोणी स्नॅपआधी, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याआधी, हलला तर पाच यार्ड मागे जायचे, ३३ यार्डांची किक ३८ ची होते. कोणी प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले तर दहा यार्ड, किक ४३ ची. गैरवर्तनाचे १५ यार्ड किकवर लागले तर ती ४८ यार्डांची, म्हणजे चांगल्या किकरचीही परीक्षा. किक चुकली असेल तर प्रतिस्पर्धी दंड नाकारतो आणि विषय संपतो. किक यशस्वी झाली असेल तर ती रद्द होते आणि मागे जाऊन पुन्हा मारावी लागते. नियमांचा हेतू स्वच्छ आहे: चूक करणाऱ्याला त्या चुकीचा फायदा होता कामा नये.

आता बचाव करणाऱ्या संघाच्या चुका. इथे एक जुना नियम आडवा येतो. दंड कितीही मोठा असो, चेंडू गोलरेषेपासून जितका दूर आहे त्याच्या निम्म्याहून अधिक पुढे सरकवता येत नाही. हे बंधन नसते तर २ यार्डांवरचा पाच यार्डांचा दंड थेट टचडाउन देऊन मोकळा झाला असता, तेव्हा बंधन आवश्यकच आहे. पण त्याचा परिणाम पाहा. स्नॅपआधी रेषा ओलांडणे हा पाच यार्डांचा ऑफसाइड, किकच्या जागेवरून लावला तर चेंडू १५ वरून १० वर येतो. किकरला धडक देणे हा १५ यार्डांचा गंभीर अपराध, तोच तिथे लावला तर निम्म्याच्या बंधनामुळे १५ वरून साडेसातवर. आणि संघाने दोन गुणांचा प्रयत्न निवडला, तर दोन्ही अपराधांची शिक्षा सारखीच: २ वरून १ यार्डावर. घाईने उचललेले पाऊल आणि हवेत पाय असलेल्या किकरला पाडणे यांत गोलरेषेजवळ काहीच फरक उरत नाही.

याहून मोठी गंमत वेगळी आहे. ३३ यार्डांची किक पाच यार्डांनी जवळ आली तर किकरला फारसा फायदा नाही, कारण ती तशीही बहुतेक वेळा जातेच. पण २ यार्डांवरून १ यार्डावर आलेला चेंडू म्हणजे निराळाच डाव. अंतर निम्मे झाले, क्वार्टरबॅकने स्वतःला पुढे झोकून दिले तरी चेंडू रेषेला लागण्याची शक्यता झाली, बचावफळीला पासकडेही पाहायचे आणि धडकेकडेही. एका यार्डाचा दंड पाच यार्डांच्या दंडाहून जड, हे कागदावर विचित्र वाटते, पण मैदानावर ते रोज खरे ठरते. यार्ड हे अंतराचे माप आहे, नुकसानीचे नाही. नियमपुस्तक मात्र नुकसान यार्डांतच मोजते, कारण पंचाच्या हातात दुसरी मोजपट्टी नाही.

मग मोजपट्टीच चुकीची असताना शिक्षा योग्य कशी व्हावी? या खेळाने याचे जे उत्तर शोधले त्याला मी शहाणपण म्हणतो. ते उत्तर म्हणजे निवड. बचाव करणाऱ्या संघाने चूक केली आणि तरीही किक यशस्वी झाली, तर आक्रमक संघापुढे दोन दारे उघडतात. मिळालेला गुण खिशात ठेवा आणि दंड पुढच्या किकऑफवर, म्हणजे गुणांनंतर खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकवर, लावा. किंवा गुण परत करा आणि जवळून पुन्हा प्रयत्न करा, किक मारा नाहीतर २ ऐवजी १ यार्डावरून दोन गुणांसाठी झेप घ्या. कोणता दंड जड आणि कोणता हलका, हे पंच ठरवत नाही, समितीही ठरवत नाही. ज्याचे नुकसान झाले तोच ठरवतो.

आपल्या परिचयाच्या फुटबॉलशी ताडून पाहिले की यातले वेगळेपण लक्षात येते. तिथे बचावपटूने पाय घातला तरी आक्रमण चालू राहण्यात फायदा असेल तर पंच खेळ थांबवत नाही. पण फायदा कशात आहे हे पंच ठरवतो, तेही धावता धावता, एका क्षणात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कोणी विचारत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये पंच फक्त अपराध नोंदवतो आणि प्रशिक्षकाला विचारतो: काय हवे? मोजमापाच्या चुकीवर याहून चांगला उतारा मला सुचत नाही. यार्डांची पट्टी नुकसान नीट मोजत नाही, हे ज्याला सोसावे लागते त्यालाच ठाऊक असते, आणि तो स्वतःच्या हिताच्या जागी दंड वसूल करतो.

या निवडीत जोखीमही आहे, आणि तीच तिला न्याय्य बनवते. दोन गुणांसाठी जाणारा संघ हातचा एक गुण सोडतो. एनएफएलमध्ये २ यार्डांवरून असे प्रयत्न साधारण निम्म्या वेळा यशस्वी होतात. म्हणजे शंभर प्रयत्नांत शंभराच्या आसपास गुण, तर शंभर किकमागे ९४-९५. तराजू जवळजवळ समतोल आहे. १ यार्डावरून हे पारडे दोन गुणांकडे झुकते हे उघड आहे, पण प्रयत्न फसला तर हाती शून्य. चूक करणाऱ्या संघालाही रेषा राखण्याची एक संधी मिळते. दंड त्याच्याकडून गुण हिसकावत नाही, फक्त प्रतिस्पर्ध्याला अधिक चांगली बोली लावू देतो.

काही टीकाकार विचारतात, किकवर झालेल्या चुकीचा मोबदला दुसऱ्याच चालीत का द्यावा? किक बिघडवली तर किक पुन्हा द्या, दोन गुणांचे दार कशासाठी उघडता? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण टचडाउन झाले त्या क्षणी किक मारायची की दोन गुणांसाठी जायचे, हा निर्णय आक्रमक संघाचाच होता. स्नॅप झाला तेव्हा तो निर्णय संपला. चुकीमुळे ती चाल रद्द होते, तेव्हा तिच्याआधीचा निर्णयही पुन्हा उघडा होणे स्वाभाविक आहे. चूक करणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला मागच्या वळणावर परत आणले आहे. तिथून कोणता रस्ता धरायचा हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

दंड एकावर एक साचू लागले की ही व्यवस्था किती नाजूक होते, हे ३० डिसेंबर २०२३ रोजी टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला दिसले. डेट्रॉइट लायन्सनी डॅलस काउबॉइजविरुद्ध शेवटच्या मिनिटात टचडाउन करून फलक २०-१९ वर आणला. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी बरोबरीची किक नाकारली आणि विजयासाठी दोन गुणांचा डाव लावला. डेट्रॉइटच्या टेलर डेकरने पास झेलला, पण पास झेलण्यास पात्र खेळाडू म्हणून त्याने पंचाकडे नोंद केली नव्हती असे ठरले. ती नोंद झाली होती की नाही यावर पुढे बरेच रण माजले. पाच यार्ड दंड होऊन चेंडू २ वरून ७ वर गेला. दुसऱ्या प्रयत्नात डॅलसने पास अडवून पकडला, पण त्यांचा खेळाडू ऑफसाइड होता. पाच यार्डांचा दंड, पण निम्म्याचे बंधन असल्याने चेंडू ७ वरून साडेतीनवर आला. तिसरा प्रयत्न फसला आणि डेट्रॉइट हरले.

यातली बेरीज-वजाबाकी करून पाहा. दोन्ही संघांना पाच-पाच यार्डांचा एकेक दंड. हेच दंड किकच्या जागेवर लावले असते तर १५ चे २० झाले असते आणि २० चे पुन्हा १५, हिशेब चोख मिटला असता. दोन गुणांच्या जागेवर मात्र आक्रमक संघाला पूर्ण पाच यार्ड भरावे लागले आणि बचाव करणाऱ्याने साडेतीनच परत केले. तुल्यबळ अपराध, तरी डेट्रॉइट दीड यार्डाने तोट्यात. आक्रमक संघाच्या दंडाला मागे जायला मैदान मोकळे आहे, बचाव करणाऱ्या संघाच्या दंडाला गोलरेषेची भिंत आहे. ही विषमता कोणी ठरवून आणलेली नाही, भूगोलातून आली आहे. नियम करणाऱ्यांना अशा साखळीतल्या त्रुटींची कल्पना होती, याला पुरावा आहे. शिकागो बेअर्सच्या प्रस्तावावरून २०२१ साली नियम बदलण्यात आला, तो लागोपाठच्या प्रयत्नांत दोन्ही संघांचे स्वीकारलेले सर्व दंड अमलात यावेत म्हणून. एका प्रयत्नाचा दंड दुसऱ्या प्रयत्नात विरून जाऊ नये, हा त्यामागचा विचार. तो योग्यच होता. भिंतीचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

लीगने परिणामांकडे पाहून नियम बदलल्याची उदाहरणे आणखीही आहेत. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध शेवटच्या दीड मिनिटात २३-२३ अशी बरोबरी केली. जादा गुणाच्या किकला डेन्व्हरच्या जस्टिन सिमन्सने स्नॅप देणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावरून उडी मारली आणि किक अडवली. विल पार्क्सने तो चेंडू दुसऱ्या टोकापर्यंत पळवला. २४-२३ होऊ घातलेला फलक २३-२५ झाला. त्यावेळी ती उडी नियमात बसत होती. पुढच्या वर्षी खेळाडूंच्या सुरक्षेसाठी अशा उडीवर बंदी आली आणि तिला १५ यार्डांचा दंड लागला. म्हणजे वर्षभरानंतर तीच उडी मारली असती तर सेंट्सना किक पुन्हा मिळाली असती, तीही साडेसात यार्डांवरून स्नॅप घेऊन. २०१८ साली तर लीगने याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्या जानेवारीत मिनेसोटा व्हायकिंग्जनी घड्याळाच्या शेवटच्या सेकंदाला टचडाउन करून प्लेऑफचा सामना जिंकला होता, तरी जल्लोषाने भरलेले मैदान मोकळे करून त्यांना जादा प्रयत्नाचा उपचार पार पाडावा लागला. त्यांनी गुडघा टेकून तो संपवला. निकालावर परिणाम होणार नसेल तर शेवटचा जादा प्रयत्न घ्यायचाच नाही, असे मग ठरले. ज्या कृतीचा परिणाम नाही ती करू नये, हे लीगला पटले आहे. ज्या शिक्षेचा परिणाम अपराधाच्या कैक पट आहे ती तशी देऊ नये, हेही त्याच विचारातून पुढे येते. तिथे मात्र लीग थांबते.

माझा आक्षेप आहे तो वर्तनाच्या दंडावर. आतापर्यंत ज्या चुका पाहिल्या त्या चालीच्या चुका होत्या: ऑफसाइड, किकरला धडक, डोक्यावरून उडी. या चुकांनी ती विशिष्ट किक बिघडते किंवा बिघडू शकते. म्हणून नुकसान झालेल्याला निवड देणे आणि त्याने सर्वांत जड पर्याय उचलणे मला मान्य आहे. पण गैरवर्तन वेगळे. चेंडू भिरकावणे, हेल्मेट आपटणे, पंचाला शिवी देणे यांनी प्रतिस्पर्ध्याच्या किकचे काहीही बिघडत नाही. तो अपराध खेळाच्या मर्यादेविरुद्ध आहे, समोरच्या संघाविरुद्ध नाही.

१४ जानेवारी २०२३ रोजी जॅक्सनव्हिलला झालेला प्लेऑफचा सामना घ्या. लॉस एंजेलिस चार्जर्सनी एका टप्प्यावर २७-० अशी आघाडी घेतली होती. जॅक्सनव्हिल जॅग्वार्स हळूहळू वर आले आणि चौथ्या सत्रात टचडाउन करून त्यांनी फलक ३०-२६ वर आणला. त्या चालीत आपल्यावर अन्याय झाला असे वाटून चार्जर्सच्या जोई बोसाने चिडून हेल्मेट आपटले. गैरवर्तन, १५ यार्ड. जॅग्वार्सचे प्रशिक्षक डग पीडरसन यांनी तो दंड किकऑफवर न लावता जादा प्रयत्नावर लावला. १५ यार्डांचा दंड निम्म्याच्या बंधनाने एका यार्डाचा झाला. १ यार्डावरून जॅग्वार्सच्या ट्रेव्हर लॉरेन्सने चेंडू रेषेपार नेला, फलक ३०-२८. साध्या किकने तो ३०-२७ झाला असता, म्हणजे पुढच्या तीन गुणांच्या फील्ड गोलने फक्त बरोबरी. आता मात्र शेवटच्या क्षणी ३६ यार्डांचा फील्ड गोल मारून जॅग्वार्स ३१-३० असे जिंकले.

पीडरसन यांचे चातुर्य वादातीत आहे. नियमाने दिलेली निवड त्यांनी उत्तम वापरली. प्रश्न नियमाचा आहे. हेल्मेट आपटल्याने जॅग्वार्सचे कोणते नुकसान झाले होते, की ज्याची भरपाई त्यांनी निवडावी? काहीच नाही. मघाशी मी निवडीला मोजमापाच्या चुकीवरचा उतारा म्हटले. तो उतारा तेव्हाच लागू पडतो जेव्हा निवडणारा स्वतःचे नुकसान भरून काढत असतो. नुकसानच नसेल तर निवड ही भरपाई राहत नाही, ती घबाड होते. निवडणारा साहजिकच सर्वांत जड दंड शोधणार, आणि त्याचा अपराधाच्या गांभीर्याशी काही संबंध उरणार नाही. टचडाउननंतर न आपटता मैदानाच्या मध्यावरच्या एखाद्या चालीनंतर हेल्मेट आपटले असते तर तोच दंड पुढच्या मिनिटभरात विस्मरणात गेला असता.

याला एक भक्कम उत्तर आहे. हा सांघिक खेळ आहे, एकाच्या चुकीची किंमत सगळ्यांनी मोजली तरच ड्रेसिंग रूममध्ये शिस्त राहते. आणि वर्तनाचा दंड किकऑफवर ढकलला तर तो दंडच राहत नाही, इतका तो हलका पडतो. शिक्षा टोचली नाही तर कोण सुधारणार? या युक्तिवादातला दुसरा भाग खरा आहे, पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा. दंड किकऑफवर हलका पडतो म्हणून तो किकवर नेणे म्हणजे शिक्षा टोचावी यासाठी ती भलत्याच जागी टोचणे. वर्तन हे व्यक्तीचे असते. टोचायचे तर त्या व्यक्तीला टोचा. लीगकडे साधने आहेतच: आर्थिक दंड आहे, आणि ठरावीक प्रकारचे दोन गैरवर्तनाचे दंड एकाच सामन्यात झाले तर खेळाडूला बाहेर काढण्याचा नियम २०१६ पासून आहे. महाविद्यालयीन खेळात तर २०११ पासून गोलरेषेआधी प्रतिस्पर्ध्याला डिवचले तर टचडाउनच रद्द होते. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा पंटर ब्रॅड विंग याने त्याच वर्षी फ्लोरिडाविरुद्ध तो अनुभव घेतला. चांगला धावला, हात पसरून डिवचले, गुण गेले. वर्तन सुधारण्यासाठी गुणफलकाशी खेळण्याचे हे टोक आहे, आणि मला ते भाबडे वाटते. पोराच्या एका क्षणाच्या उन्मादाची किंमत लावताना त्याच्या दहा सहकाऱ्यांनी त्या चालीत केलेले काम पुसून टाकले जाते.

सांघिक जबाबदारीचा मुद्दा मी सोडून देत नाही. बचावफळीतला एकजण ऑफसाइड गेला तर सगळ्या फळीने भोगावे, कारण ती चाल सगळ्यांनी मिळून खेळली आहे आणि त्या चुकीचा फायदाही सगळ्यांना मिळणार होता. किक अडली असती तर सगळ्यांनी उड्या मारल्या असत्या. हेल्मेट आपटण्यातून मात्र संघाला कोणताच फायदा मिळायचा नव्हता. ज्या कृतीचा लाभ सामाईक नाही तिचे ओझे सामाईक का असावे?

म्हणून मला नियम असा हवा. चालीतल्या चुकीसाठी आजची व्यवस्था जशीच्या तशी राहू द्यावी, नुकसान झालेल्याची निवड आणि निम्म्याचे बंधन दोन्ही. दोन्ही संघांचे दंड लागोपाठच्या प्रयत्नांत लागले तर निम्म्याच्या बंधनाने घडणारी तफावत भरून काढण्यासाठी आक्रमक संघाचा दंडही तेवढ्याच प्रमाणात कापावा. आर्लिंग्टनसारख्या प्रसंगी मग चेंडू साडेतीन यार्डांवर न येता पुन्हा २ वरच आला असता. वर्तनाचा दंड मात्र जादा प्रयत्नाला कधीच शिवू नये. तो किकऑफवर लागावा, आणि त्याची खरी धार त्या खेळाडूवरच्या कारवाईत असावी. गंभीर प्रकरणात पहिल्याच वेळी त्याला बाहेर बसवावे. खेळायला न मिळणे ही खेळाडूला सर्वांत समजणारी शिक्षा आहे, आणि ती यार्डांत मोजावी लागत नाही.

याची किंमत मला ठाऊक आहे. असा नियम असता तर जॅक्सनव्हिलला त्या रात्री पीडरसन यांना २ यार्डांवरून झेप घ्यावी लागली असती किंवा किक मारून ३०-२७ वर समाधान मानावे लागले असते, आणि २७ गुणांची पिछाडी भरून काढणारा तो सामना कदाचित अतिरिक्त वेळेत जाऊन चार्जर्सनी जिंकलाही असता. प्रेक्षकांचा एक थरार कमी झाला असता. तरीही मी तो नियम पत्करेन. निकाल खेळाडूंच्या चालींतून लागला म्हणून फिका पडला, तर तो फिकेपणा खेळाला परवडतो. एका माणसाच्या रागाचे यार्ड मोजून लागलेला निकाल मात्र कितीही रंगतदार असला तरी खेळातून आलेला नसतो.